भाग ३४ : ‘आता फक्त आराम करा’ – एचआयव्ही, तालीम आणि आपला खान्देश

कानात इअरफोन घालून एसटीत लटकलेले, अभ्यासिकेत बसून अभ्यास सोडून ऐकणारे, रात्रीची लाइट आली म्हणून केळीला पाणी द्यायला गेलेले, सगळ्यांचं स्वागत. आणि ‘ऐकायला वेळ नाही भो, वाचून काढतो’ म्हणणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हे शब्दांकन. बोललेलंच लिहिलंय, त्यामुळे थोडं इकडचं तिकडं होईल. सांभाळून घ्या.

आजची गोष्ट जळगावच्या मेहरूण तलावावर सुरू होते. आपल्याकडे उन्हाळ्यात सातनंतर बाहेर चालायची सोय नाही, म्हणून साडेपाचलाच तिथं गर्दी असते. त्या गर्दीत गेल्या वर्षी मी माझ्या मामांबरोबर चालत होतो. मामा पंचावन्नचे, मी सत्तावीसचा. अर्ध्या तासात मला धाप लागली आणि मी बाकावर बसलो. मामा पुढं निघून गेले. बऱ्याच वेळानं परत आले, घाम पुसला आणि तिथंच बैठका मारायला लागले. मी सहज म्हणालो, "मामा, जरा आराम करा ना."

त्यांनी बैठका थांबवल्या. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "भाचा, हाऊ शब्द माले सांगू नको. मी काय काचना शे का?"

मामा धुळ्याकडचे, रागावले की अहिराणीतच बोलतात. पण एका साध्या शब्दाचा इतका राग का, ते घरी जाऊन आईला विचारलं तेव्हा कळलं. मामांना २००२ पासून एचआयव्ही आहे. आणि तेव्हा त्यांना भेटलेल्या जवळपास प्रत्येक माणसानं एकच वाक्य सांगितलं होतं : ‘आता फक्त आराम करा.’

हे मी त्यांना विचारून सांगतोय. आपल्या देशात २०१७ साली एचआयव्ही-एड्सचा कायदा झाला. तो म्हणतो की कुणी विश्वासानं सांगितलेली ही माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय पुढं सांगायची नाही. मी हे मामांना सांगितल्यावर त्यांनी वहीचं पान फाडलं, दोन ओळी लिहिल्या, सही ठोकली आणि अट घातली : नाव घ्यायचं नाही, गावाचं नाव घ्यायचं नाही. आणि मंडळी, तो त्यांना कसा झाला हे मी विचारलेलं नाही. तुम्हीही कुणाला विचारू नका. त्या प्रश्नानं कुणाचं आजवर भलं झालेलं नाही.

तर आजच्या भागात दोन प्रश्न. हा ‘आराम करा’ सल्ला आला कुठून? आणि तो चुकीचा आहे हे जगाला कळायला इतकी वर्षं का लागली?

आरामाचं औषध

आधी थोडं मागं जाऊ. क्षयरोग, म्हणजे टीबी. टीबीवर गोळ्या नव्हत्या तेव्हा डॉक्टरांकडे देण्यासारख्या तीनच गोष्टी होत्या : मोकळी हवा, चांगलं खाणं आणि खाटेवरचा आराम. त्यासाठी सॅनेटोरियम बांधली. आपल्या महाराष्ट्रात मिरजेचं प्रसिद्ध होतं. लोक तिथं महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं पडून राहायचे. ‘मोठा आजार म्हणजे मोठा आराम’ हे समीकरण आपल्या आजी-आजोबांच्या डोक्यात बसलं ते असं.

मग १९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. तोवर टीबीच्या गोळ्या आल्या होत्या. डॉक्टरांनी मद्रासच्या गरीब वस्तीतले १९३ रुग्ण घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना घरी पाठवलं. गोळ्या दोघांना त्याच. सॅनेटोरियमवाल्यांना चांगलं जेवण आणि भरपूर आराम. घरच्यांना? घरात दाटीवाटी, जेवण जेमतेम आणि जरा बरं वाटलं की कामाला सुटी नाही. १९५९ साली निकाल छापून आला. वर्षभरानंतर बरे होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं! म्हणजे काम करत होत्या त्या गोळ्या, खाट नाही. या निकालानं जगभरातल्या सॅनेटोरियमना कुलपं लागायला मदत झाली.

साधारण त्याच काळात, १९५३ साली, लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं बसवाल्यांचा अभ्यास केला. डबल डेकर बस. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. हृदयविकार कुणाला जास्त? ड्रायव्हरला. व्यायामाच्या विज्ञानात हा अभ्यास मैलाचा दगड मानतात. आता हे डोळ्यांसमोर आणा, कारण आमचे मामा ट्रक ड्रायव्हर होते.

म्हणजे १९६० येईपर्यंत माणसाला दोन गोष्टी कळल्या होत्या. औषध असेल तर नुसतं पडून राहायची गरज नाही, आणि नुसतं बसून राहणं हा स्वतःच एक धोका आहे. पण वीस वर्षांनी एक नवा आजार आला आणि आपण हे सगळं विसरलो.

सुकत जाणारी माणसं

५ जून १९८१. अमेरिकेच्या साथरोग विभागाच्या साप्ताहिकात एक छोटीशी बातमी आली : लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झालाय. एड्सची ही पहिली अधिकृत नोंद. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याचा विषाणू सापडला. १९८६ मध्ये मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातले पहिले रुग्ण शोधले. १९९२ मध्ये पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली.

आणि खान्देशात? नकाशा उघडा. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-नागपूर महामार्ग एकमेकांना कुठं छेदतात? धुळ्यात. तिथून पूर्वेला जळगाव, पुढं भुसावळ, रेल्वेचं मोठं जंक्शन. देशभरात एड्स नियंत्रणाचं काम सुरू झालं तेव्हा ट्रकवाल्यांसाठी वेगळे कार्यक्रम आखावे लागले, ते अशा रस्त्यांमुळेच. यात रस्त्याचा काय दोष? पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर, केबिनमध्ये झोपायचं, ढाब्यावर जेवायचं, तपासणीला वेळ नाही आणि विचारायला माणूस नाही. आजार अशा ठिकाणी वाढतो.

मामा मुळात पैलवान. विशी-बाविशीपर्यंत गावोगावच्या यात्रांतल्या दंगलीत मातीत उतरलेले. पुढं संसाराला पैसे लागले म्हणून स्टेअरिंग धरलं. तरी सवय जात नाही. बिजासनचा घाट उतरून ट्रक ढाब्यावर लावला की टायरमागं टॉवेल अंथरून जोर मारायचे. क्लीनर मोजायचा.

२००२ मध्ये रिपोर्ट आला. त्यानंतर ओसरीत खाट टाकली गेली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. ‘जड उचलू नको, उन्हात जाऊ नको, आता फक्त आराम कर.’ अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस दीड वर्षात सेहेचाळीसवर आला. गावात लोक आजाराचं नाव घ्यायचे नाहीत. म्हणायचे, ‘सुकत चालला.’

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तो सल्ला देणारे दुष्ट नव्हते. औषध नसताना हा विषाणू शरीर खरंच आतून खातो. ताप, जुलाब, टीबी, आणि त्यात अन्न अंगी लागत नाही. चरबीबरोबर स्नायूही वितळतात. अशा माणसाला ‘धावायला जा’ म्हणणं क्रूरपणाच झाला असता. डॉक्टरांनाही भीती होती की व्यायामानं उरलीसुरली ताकद जाईल.

पण अमेरिकेत काही जण वेगळा विचार करत होते. १९९० साली मायामी विद्यापीठातला एक अभ्यास छापून आला. ज्यांची एचआयव्ही तपासणी व्हायची होती अशा पन्नास तरुणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पाच आठवडे व्यायाम, दुसऱ्याला काही नाही. मग निकाल सांगितला. ज्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला त्यांत व्यायाम न केलेले मनानं पार कोसळले, व्यायाम केलेले त्या मानानं सावरलेले राहिले. त्याच वर्षी दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात दिसलं की एड्स झालेल्यांनी हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला तर त्यांचे स्नायू परत ताकद धरतात. अभ्यास लहान होते, पण दार किलकिलं झालं होतं.

घामाची भीती

आता दुसरं दार. तालमीचं.

खाटेवर तीन महिने काढल्यावर मामा एका संध्याकाळी लंगोट घेऊन तालमीत गेले. कुस्ती खेळायला नाही, अंग मोकळं करायला. वस्ताद दारातच आडवे आले. ओरडले नाहीत. हात जोडून म्हणाले, "मातीत उतरू नको. पोरं घाबरतात." मामा परत फिरले ते आजतागायत त्या दारातून आत गेलेले नाहीत. वस्ताद आता हयात नाहीत. मामा त्यांना आजही वाईट म्हणत नाहीत.

ही भीती फक्त आपल्या गावात होती असं समजू नका. १९८८, सोल ऑलिम्पिक. अमेरिकेचा डायव्हर ग्रेग लुगानिस याचं उडी मारताना डोकं फळीवर आपटलं. रक्त आलं, टाके घातले आणि पुढं त्यानं सुवर्णपदकही जिंकलं. त्याला एचआयव्ही आहे हे फार थोड्यांना माहीत होतं. १९९५ मध्ये त्यानं जाहीर केल्यावर खूप गदारोळ झाला. पण लागण कुणालाच झाली नव्हती. तलावातल्या पाण्यातून कुणाला व्हायचा प्रश्नच नव्हता, आणि टाके घालणाऱ्या डॉक्टरलाही झाली नाही.

मग ७ नोव्हेंबर १९९१. बास्केटबॉलचा बादशहा मॅजिक जॉन्सन पत्रकारांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की मला एचआयव्ही आहे, मी निवृत्त होतोय. वय बत्तीस. तीनच महिन्यांनी लोकांच्या आग्रहाखातर तो ऑल-स्टार सामन्यात उतरला आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९२ च्या उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिम्पिकचं सुवर्णपदक. सगळं जग बघत होतं. तरी त्याच नोव्हेंबरात त्यानं पुन्हा निवृत्ती घेतली. का? सोबतचे खेळाडू उघडपणे म्हणायला लागले की खरचटलं, रक्त लागलं तर? जगातल्या सगळ्यात लाडक्या खेळाडूला तालमीच्या दारातून परत फिरावं लागलं, तर धुळ्याकडच्या एका ट्रक ड्रायव्हरचं काय घेऊन बसलात! १९९६ मध्ये तो पुन्हा आला आणि बत्तीस सामने खेळला. आज तो साठी ओलांडून ठणठणीत आहे.

गंमत म्हणजे उत्तर आधीच माहीत होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ च्या जानेवारीतच तज्ज्ञांना बोलावून निवेदन काढलं होतं : उघडी, वाहती जखम नसेल तर खेळातून एचआयव्ही पसरल्याचा पुरावा नाही. घामातून पसरत नाही. थुंकीतून नाही. मिठीतून, हस्तांदोलनातून नाही. एका तांब्यानं पाणी प्यायल्यानं नाही, तालमीतल्या एकाच मुद्गलाला हात लावल्यानं नाही. जखम झाली तर खेळ थांबवायचा, जखम धुऊन झाकायची, रक्त पुसायचं, हातमोजे घालायचे. आणि हा नियम सगळ्यांसाठी, कारण कुणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

हे निवेदन जिनिव्हात लिहिलं गेलं १९८९ मध्ये. मामांच्या तालमीपर्यंत ते २००२ मध्येही पोचलेलं नव्हतं.

गोळी आली, गाल गेले

१९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत जगाला कळलं की तीन औषधं एकत्र दिली तर विषाणू दबून राहतो. मरणाच्या दारातली माणसं उठून कामाला जायला लागली. पण खर्च? वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर. आपल्यासाठी ते औषध असून नसल्यासारखंच.

२००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या डॉ. युसुफ हमीद यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. सगळ्या जगाचा हिशेब बदलला. आणि १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं निवडक सरकारी रुग्णालयांत ही औषधं, म्हणजे एआरटी, मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

मामा धुळ्याहून रात्रीच्या एसटीनं जे. जे.ला जायचे. खिडकीला डोकं टेकवून, मांडीवर रिपोर्टची पिशवी. सहा महिन्यांत वजन चढायला लागलं. आज धुळ्यात आणि जळगावात दोन्हीकडे सरकारी एआरटी केंद्रं आहेत, पण तेव्हाची ती एसटी मामा विसरत नाहीत.

इथं गोष्ट संपायला हवी ना? पण नाही. सुरुवातीच्या स्वस्त गोळ्यांत स्टॅव्ह्युडिन नावाचं औषध असायचं. त्यानं लाखो जीव वाचवले. पण ते चरबीच्या पेशींना इजा करायचं. चेहऱ्यावरची, हातापायांची चरबी जायची आणि काहींचं पोट पुढं यायचं. गाल बसलेले, हातापायांवर शिरा उठून दिसणाऱ्या. रिपोर्ट लपवता येतो, चेहरा कसा लपवणार? मामा सांगतात, बाजारात लोक गालाकडं बघून सरकून उभे राहायचे. जीव वाचवणाऱ्या गोळीनंच गुपित फोडलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं.

व्यायामाकडे नव्यानं बघायला सुरुवात झाली ती या काळात. २००८ साली आफ्रिकेतल्या रवांडातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आपल्यासारखाच गरीब देश, औषधंही तशीच. ज्यांच्या शरीराचा आकार बिघडलाय अशा लोकांना सहा महिने आठवड्यातून तीनदा व्यायाम दिला. पोटावरची चरबी कमी झाली, रक्तातली चरबी आणि साखर सुधारली. याला कोणतंही महागडं यंत्र लागत नव्हतं.

मामांच्या बाबतीत हे काम एका समुपदेशक ताईंनी केलं. गोळ्या घ्यायला गेल्यावर त्यांनी विचारलं, "काका, दिवसभर काय करता?" मामा म्हणाले, "आराम." ताई म्हणाल्या, "कुणी सांगितलाय? उद्यापासून गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत चालत जायचं आणि यायचं. दमलात तर पारावर बसायचं, पण जायचं." मामांना बरं वाटायला लागलं ते गोळ्यांनी, हे ते स्वतःच सांगतात. पण माणसात आल्यासारखं वाटलं ते मारुतीच्या पारावर. पहिल्या दिवशी पाच बैठका झाल्या. मांड्या दोन दिवस दुखल्या. म्हणाले, "इतक्या वर्षांनी दुखणं आपल्या मनासारखं होतं."

मग व्यायामानं नेमकं काय होतं?

आता तुमच्यातले काही विचारतील, भाऊ, पुरावा काय? रास्त प्रश्न.

कॅनडातल्या फिजिओथेरपिस्ट मंडळींनी गेली वीस-पंचवीस वर्षं या विषयावरचे जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासलेत. २०१६ साली त्यांनी २४ अभ्यासांचा निष्कर्ष काढला : तब्येत स्थिर असलेल्या एचआयव्हीग्रस्त प्रौढांनी आठवड्यातून किमान तीन वेळा, किमान पाच आठवडे व्यायाम केला तर तो सुरक्षित आहे. दम वाढतो, ताकद वाढते, शरीराची ठेवण सुधारते, जगणं सुसह्य होतं.

आणि काय होत नाही, तेही त्याच अभ्यासात आहे. व्यायामानं विषाणू कमी होत नाही. सीडी-४, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, तोही भरवशानं वाढत नाही. तेव्हा ‘गोळ्या बंद कर, मी तुला आसनं शिकवतो’ म्हणणारा कुणी भेटला, मग तो कितीही मोठा गुरुजी असो, लांबूनच नमस्कार करा. गोळी चुकली की विषाणू परत डोकं वर काढतो. गोळी ही गोळीच्या जागी, तालीम तालमीच्या जागी.

तालमीत कुठपर्यंत जाता येतं याचं उदाहरण हवं असेल तर मणिपूरचा खुंद्राकपम प्रदीपकुमार बघा. २००० साली एचआयव्ही कळला, त्यानंतर शरीरसौष्ठवाला लागला आणि २०१२ मध्ये ‘मिस्टर साउथ एशिया’ झाला. त्यानं आजार लपवला नाही. अर्थात प्रत्येकाला प्रदीपकुमार व्हायचं नसतं. आपल्या चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, म्हणून खान्देशातल्या प्रत्येक पोरानं गदा आणली का? पण त्याच्यामुळे कितीतरी पोरं मातीत उतरली. उदाहरणाचा उपयोग तेवढाच असतो, आणि तेवढा पुरतो.

आज या गोष्टीला आणखी एक वळण आलंय. आता डोल्युटेग्राविर असलेली दिवसातून एक गोळी मिळते. ती नियमित घेतली, विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदारालाही जात नाही. हे सिद्ध करणाऱ्या मोठ्या अभ्यासांपैकी एकात, ज्याचा निकाल २०११ मध्ये आला, पुण्याचंही केंद्र होतं. माणसं म्हातारी व्हायला लागली, ही केवढी चांगली बातमी! पण म्हातारपणाबरोबर बीपी, शुगर, हृदय हेही आलं. विषाणू दबलेला असला तरी शरीरात सूज आणणारी एक धुगधुगी राहते आणि त्यामुळे हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. नव्या गोळ्यांवर काहींचं वजनही वाढतं. २०२३ मध्ये भारतासह अनेक देशांतल्या ७,७६९ लोकांवरच्या एका अभ्यासात कोलेस्टेरॉलच्या गोळीनं हृदयाचे मोठे झटके आणि तत्सम घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे डॉक्टरांचं लक्ष आता हृदयावर आहे. आणि हृदयासाठी फुकटचं औषध कोणतं, ते लंडनच्या कंडक्टरनं सत्तर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.

बघा कसं चक्र फिरलं. २००२ मध्ये मामांना सांगितलं, हलू नका नाहीतर मराल. आज डॉक्टर त्यांना सांगतात, हला, नाहीतर शुगर वाढेल.

कुणाच्या घरी उपयोग व्हावा म्हणून

मी डॉक्टर नाही, पण मामांच्या वहीतून आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोलून चार गोष्टी.

सुरुवात चालण्यानं करा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगानं. आधी दहा मिनिटं, मग वीस, मग अर्धा तास. आठवड्याला दीडशे मिनिटं झाली की गड जिंकला. त्यात दोन दिवस ताकदीचा व्यायाम : बैठका, भिंतीला हात टेकवून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं. आपल्या वैशाखात सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच.

ताप असेल, टीबीचे उपचार नुकतेच सुरू झाले असतील, जुलाब असतील, चालताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर थांबा आणि आधी दाखवा. तेव्हा आराम हेच बरोबर. रक्त कमी असेल तर दम लवकर लागतो, म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या.

जिमच्या पोरांसाठी खास : डब्यातली पावडर किंवा व्हिटॅमिनच्या गोळ्या घेण्याआधी डबा एआरटी केंद्रात नेऊन दाखवा. त्यातलं कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला शरीरात नीट शोषू देत नाही. कोणती गोळी किती वाजता, ते तिथं सांगतात. आणि कुणी इंजेक्शन देऊ करत असेल तर त्या जिमचं तोंड बघू नका.

आणि कायदा. २०१७ चा हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर आणि सगळ्यांना खुल्या असलेल्या सोयी यांत एचआयव्हीवरून भेदभाव करायचा नाही, असं तो सांगतो. मैदान, व्यायामशाळा, जलतरण तलाव त्यात येतात. काही विचारायचं असेल, स्वतःसाठी किंवा मित्रासाठी, तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. फोन फुकट, नाव सांगायची गरज नाही.

शेवटी, आखाजीची गोष्ट

या आखाजीला मी मामांबरोबर त्यांच्या गावी गेलो. घरात पुरणपोळीचा वास, झाडाला झोके आणि संध्याकाळी कुस्त्यांची दंगल. मामा गर्दीच्या कडेला उभे. मी म्हटलं, पुढं चला. म्हणाले, "आठून बी दिसस." इथूनही दिसतं.

तिसऱ्या-चौथ्या जोडीत एका पोराची भुवई फुटली. भळाभळा रक्त. चार-पाच जण धावले. कुणी हातानं दाबलं, कुणी स्वतःच्या गमछानं पुसलं, तोच गमछा दुसऱ्या पैलवानाच्या तोंडावर फिरवला. कुणाला त्यात काही वाटलं नाही. तो पोरगा गावचाच, ‘चांगल्या घरातला’. त्याला कोण घाबरणार?

इतक्या वर्षांत मामा पहिल्यांदा त्या मातीजवळ गेले. कडेवर उभं राहून ओरडले, "अरे, हातमोजे घाला! पाण्यानं धुवा आधी! कुस्ती थांबवा!" दोन क्षण सगळे गप्प. मग पंचांनी कुस्ती थांबवली. कुणीतरी पाणी आणलं. हातमोजे काही सापडले नाहीत, प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालून पट्टी बांधली.

त्या शंभर-दोनशे माणसांत रक्ताचा नियम नीट माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो कडेला उभा होता. मातीत उतरा असं त्या दिवशीही त्यांना कुणी म्हटलं नाही. पण परत निघताना तो पोरगा, भुवईला पट्टी लावलेला, वाटेत भेटला. मामांच्या पाया पडला आणि विचारलं, "आबा, तुम्ही खेळायचे का कधी?"

मामा म्हणाले, "खेळायचो." मग थोडं थांबून म्हणाले, "सकाळी मारुतीपाशी ये. तुझी बैठक चुकते, गुडघा पुढं जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झोपलेलो होतो. आई सांगते, पोरगा आला होता.

चला मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. भाग आवडला तर अशा एका माणसाला पाठवा ज्याला कुणीतरी ‘आराम कर’ म्हणून खाटेवर बसवलंय. पुढच्या भागात भेटू, आणि भेटेपर्यंत फोन खिशात ठेवून जरा चालून या. ऐकत ऐकत चाललात तरी चालेल. नमस्कार!